अकरावं कार्ड

उइटहॉर्नच्या त्या बेसबॉलच्या मैदानावर काही घडतच नाही, असं माझं पहिल्याच रविवारी ठाम मत झालं. एक माणूस चेंडू टाकतो, दुसरा बॅट खांद्यावर घेऊन नुसता बघत राहतो, तिसरा गुडघे मोडून बसलेला तो चेंडू झेलतो आणि पहिल्याला परत देतो. मग तिघंही जरा दम खातात. दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून स्खिपोलच्या विमानतळावर उतरणारं विमान जातं आणि त्याची सावली हिरवळीवरून सरकत सरकत कालव्यात उतरते. उजव्या कुंपणाशी एक करडा बगळा उभा असतो. तो तर मानसुद्धा हलवत नाही. क्लबचं नाव ‘रायगर्स’, म्हणजे डच भाषेत बगळे. मी मनात म्हटलं, नाव ठेवणारा प्रामाणिक होता.

तिसऱ्या रविवारपर्यंत मात्र त्या काही न घडण्याची मला चटक लागली. उन्हाला इथे चटका म्हणून नसतो, नुसती ऊब. तळलेल्या बटाट्यांचा वास, लाउडस्पीकरवरचा न कळणारा घोगरा आवाज, आणि मध्येच कधीतरी टक्. चेंडू इतका उंच जायचा की निळ्यात विरघळून जायचा. सगळे माना वर करून त्याची वाट बघायचे, आणि तेवढ्या वेळात मी कुठे आहे, कशाला आलेय, परत कधी जायचंय, हे सगळं माझ्या डोक्यातून पुसलं जायचं.

मी पद्मजा. नाशिकच्या पोस्टात एकतीस वर्षं गावांप्रमाणे टपाल लावलं. आता लेक संहिता, जावई सारंग आणि दहा वर्षांची नात अवनी यांच्याकडे तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली. संहिता आणि सारंग दिवसभर लॅपटॉपशी बोलतात, अवनीला मराठी समजतं पण उत्तर तिला सोयीच्या भाषेत देते, आणि मी खिडकीतून सायकली मोजते. असा आमचा संसार.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी वेडी वाटणार नाही. किंवा वाटले तरी का, ते कळेल.

हे गेले त्याला दोन वर्षं झाली. त्या सकाळी चहाचा कप मी त्यांच्या हातात दिला. दोन घोट घेतले, ‘आलं जास्त झालंय’ म्हणाले, आणि कप खाली ठेवता ठेवता कलले. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं जुनं दुखणं होतं, कोणाचा काही दोष नाही. डॉक्टरांचं सगळं पटतं मला. फक्त त्या दिवसापासून मी घरच्या कोणाच्या हातात काही देत नाही. ओट्यावर ठेवते, टेबलावर ठेवते, ‘घ्या’ म्हणते. कोणाच्या लक्षातही आलेलं नाही. आईला कामाची घाई असते, एवढंच त्यांना वाटतं.

एप्रिलच्या शेवटी मी आले त्याच आठवड्यात झूटरमेरला संहिताच्या मैत्रिणीकडे, मृण्मयीकडे, चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मृण्मयी पोर गुणाची. ‘काकू, आम्ही असलं काही मानत नाही हं, तुम्ही सगळ्यांसारख्या बाहेर बसा,’ म्हणाली. मानत नाही म्हणायला काय जातं? ज्याच्या ताटात आहे त्यानं म्हणावं, मला भूक नाही. मी स्वयंपाकघरात पन्हं गाळत बसले. वाण द्यायची वेळ झाली तशी संहितानं दोनदा हाक मारली, तर मी नळ सोडून भांडी घासायला घेतली. मला कोणी अडवलं नव्हतं. माझी मीच अडले होते, आणि ते जास्त अवघड असतं.

तर अशा माणसाला क्लबच्या फाटकावर उभं केलं मराइकेनं.

मराइके आमच्या दोन घरं पलीकडे राहते. सत्तरीची, शिडशिडीत, आणि बोलायला सुरीसारखी. मला ती ‘पद्माया’ म्हणते, कारण या लोकांना ‘ज’चा ‘य’ करायची खोड आहे. क्लबमधली निम्मी कामं ही बाई फुकट करते. ‘तू दिवसभर खिडकीत बसतेस ते मी बघते,’ ती एकदा इंग्रजीत म्हणाली. ‘रविवारी माझ्याबरोबर चल. फाटकावर माणूस कमी आहे.’ आपल्याकडे असं कोणी तोंडावर बोललं असतं तर मी आठवडाभर अबोला धरला असता. पण ती खोटं बोलत नव्हती, आणि मी खरंच खिडकीत बसत होते.

काम सोपं होतं. घरच्या मैदानावर सामना असेल त्या रविवारी आत येणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकाला क्लबतर्फे एक तपकिरी कागदी पाकीट भेट. वर बगळ्याचा रबरी शिक्का, आत खेळाडूंची दहा कार्डं. स्टँडमध्ये खुर्च्या तीनशे तीस, म्हणून पाकिटं तीनशे तीस. मी ठरवलं होतं की टेबलावर ढीग मांडून बसायचं, लोक आपापलं उचलतील. तेवढ्यात पहिलाच माणूस आला, दाराएवढा उंच, आणि त्यानं सरळ हात पुढे केला. माझ्या हातात पाकीट होतं. विचार करायच्या आत मी ते त्याच्या हातावर ठेवलंसुद्धा. ‘दांक यू वेल,’ म्हणाला आणि शिट्टी वाजवत गेला.

मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. स्टँडची पायरी चढला, खुर्चीत बसला, बटाटे खाल्ले. पाचव्या डावात उठून नाचलाही. त्याला काही झालं नाही.

मग मागून बायका आल्या, म्हातारे आले, बाबागाड्या आल्या. समोरच्या संघाचे लोक आले, त्यांनाही दिलं. साडी, तिच्यावर सारंगचं जुनं जाकीट, पायात बूट, आणि मी आपली हातावर हात पाकिटं ठेवतेय. ओंजळीत कोणाच्या ऊन, कोणाच्या आइस्क्रीमचा चिकटपणा. आमच्याकडे बायका वाण ‘देत’ नाहीत, ‘लुटतात’. तो शब्द मला त्या दुपारी पहिल्यांदा अंगात भिनल्यासारखा कळला. मला आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून घरी येऊन मी रडले.

पण परक्यांचं वेगळं असतं. घरी आल्यावर अवनीचं पाकीट मी टेबलावरच ठेवलं. तिनं उचललं.

अवनीला त्या कार्डांचं वेड होतं. एक अल्बम होता, चोवीस चौकोनांचा, चोवीस खेळाडूंसाठी. शाळेतून आली की दप्तर कोपऱ्यात आणि अल्बम मांडीवर. कोण डावखुरा, कोण कधी पळतो, कोणाला कुठे लागलंय, सगळं तोंडपाठ. पाढे मात्र अजून बोटांवर. जुलैच्या सुरुवातीला तिचे तेवीस चौकोन भरले. राहिला एक, सत्तावीस नंबरच्या शर्टाचा. जर्मेन नावाचा नवा गोलंदाज कुरासाव बेटावरून जूनमध्ये आला होता, त्याचं कार्ड अजून छापूनच व्हायचं होतं. ते शेवटच्या वाटपात येणार होतं, आणि तेही दहा पाकिटांमागे एक.

त्या दिवशी ज्या मुलांचा अल्बम पूर्ण होईल त्यांनी सातव्या डावानंतर मैदानात उतरायचं. लाउडस्पीकरवर प्रत्येकाचं नाव घेणार, आणि मुलं खेळाडूंबरोबर चारही टप्प्यांना पाय लावत पळणार.

‘आजी, देन दे विल से माय नेम,’ अवनी म्हणाली. ‘सगळ्यांना ऐकू येणार. हेले स्टाडियॉन, अख्खं स्टेडियम.’

तो रविवार माझा इथला शेवटचा. बुधवारी माझं विमान होतं.

आणि मी, इतकी शहाणी बाई, कौल लावून बसले. देवळात लावतात तसा, पण मनातल्या मनात. त्या रविवारी अवनीचं पाकीट टेबलावर ठेवायचं नाही. मी तिच्या हातात द्यायचं. त्यातून सत्तावीस नंबर निघाला, तर समजायचं की माझ्या हाताला काही झालेलं नाही, तो सकाळचा कप म्हणजे नुसता कप होता. नाही निघाला, तर मग समजायचं ते समजायचं. दहात एक म्हणजे कौल अवघड होता. पण सोपा कौल कोण लावतं? तो लावायचाच कशाला मग?

शुक्रवारी दुपारी मराइकेनं छापखान्यातून आलेले खोके आमच्या दिवाणखान्यात आणून टाकले. पाकिटं भरणारा तिचा माणूस सुट्टीवर गेला होता आणि मी पोस्टातली, हे तिला ठाऊक होतं. ‘सगळी कार्डं मिसळ. एका पाकिटात दहा. सगळी संपव,’ एवढं सांगून ती सायकलवर टांग टाकून गेली.

मी जमिनीवर चादर पसरली आणि मांडी घातली. बाहेर लख्ख ऊन, संहिता-सारंग ऑफिसात, घरात फक्त कार्डांची सळसळ. हाताला एकतीस वर्षांची सवय. चोवीस चेहरे पत्त्यांसारखे पिसले, पुन्हा पिसले. जर्मेनची तेहतीस कार्डं होती. काळासावळा, हसरा पोरगा, पुढचे दोन दात फटीचे. त्यातलं एक उचलून फडताळात ठेवलं असतं तर कोणाला कळणार होतं? अवनी शाळेतून आली, दारातच थांबून तिनं माझ्या हातातल्या कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. हात मागे बांधून वर निघून गेली. मी आयुष्यात कोणाचं टपाल फोडलं नाही, आणि कौल लावून देवालाच फसवायचं, असलं मला जमणार नव्हतं. ते कार्डही मी ढिगात मिसळलं.

आणि मग मी पाकिटं भरली. दहा मोजायची, वर एक ठेवायचं, पाकीट बंद करायचं. दहा, वर एक. दहा, वर एक.

खरं सांगते, मला त्यात काही करतेय असं वाटलंच नाही. पाकिटात दहा कोण ठेवतं? लग्नाचा आहेर असो, मुंज असो, बारसं असो, पाकिटात शून्यावर संपणारा आकडा ठेवला तर देणाऱ्याचं काय राहिलं? वर एक हवाच. मराइकेनं दहा सांगितले ते मला ऐकू आले होते. पण वरचा एक कोणी सांगत नसतं. तो आपला आपण ठेवायचा असतो. तीन तासांत सगळी कार्डं नेमकी संपली, एकही उरलं नाही, आणि मला माझ्या हिशेबीपणाचं कौतुक वाटलं. तीस पाकिटं मात्र रिकामी राहिली. म्हटलं, छापखान्यानं वर दिली असतील. माणसं चांगली दिसतात इथली. मी ती रबर लावून नीट खोक्यात ठेवून दिली.

रविवारी ऊन असं पडलं होतं की सगळं मैदान दुधात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं. शेवटचं वाटप म्हणून रांग सायकलींच्या स्टँडपर्यंत गेलेली. अवनी एक वाजल्यापासून फाटकाशी उभी होती, अल्बम छातीशी धरून, पहिला नंबर.

‘तू मागे जा,’ मी तिला म्हटलं.

‘व्हाय?’

‘आपण देणारे आहोत ना आज. घरच्यांनी शेवटी घ्यायचं असतं. पंगतीत यजमान आधी बसतो का?’

पंगत तिनं एकदा नाशिकला पाहिली होती. तोंड जरा वाकडं झालं, पण गेली. सगळ्यात मागे जाऊन उभी राहिली. कोणी नवीन आलं की त्याला पुढे सोडायची आणि पुन्हा मागे. मला वाटलं, पोरीला वळण आहे. वळण लावणारी मीच, त्यामुळे अभिमानही माझाच.

पाकिटं हातोहात गेली. मी प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून देत होते. खोक्यामागून खोका रिता होत होता आणि मला झोपेत चालल्यासारखं हलकं वाटत होतं. शेवटच्या खोक्यात हात घातला तर बोटं पुठ्ठ्याला लागली.

समोर अजून रांग होती.

मी खोका उलटा केला. दुसरे खोके उलटे केले. रबर लावलेली तीस रिकामी पाकिटं तेवढी टेबलावर पडली. रांगेतल्या बाईनं हात पुढे केलेला तसाच होता. मराइके धावत आली, तिनं रांगेतली माणसं मोजली. तीस. तिसावी अवनी.

मराइकेनं शेजारच्या एका मुलीकडून तिचं पाकीट मागून घेतलं आणि टेबलावर कार्डं मोजली. मग पुन्हा मोजली.

‘पद्माया, अकरा आहेत.’

‘हो,’ मी म्हटलं, ‘दहा आणि वर एक.’

‘का?’

आता काय सांगू? मी जमेल तशा इंग्रजीत सांगितलं. आमच्यात दहावर थांबत नाहीत. शून्य आलं की गोष्ट मिटली. वर एक ठेवला की देणंघेणं, येणंजाणं, माणसामाणसातलं जे काही असतं ते पुढे चालू राहतं. ती शांतपणे ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, ‘सुंदर आहे. पण या तीस माणसांकडे शून्य आहे.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी रांगेच्या टोकाला पाहिलं. अवनीला काय झालंय ते कळलं होतं. ती रडत नव्हती, नुसती बुटाच्या टोकानं वाळू सारत होती. परक्या तीनशे माणसांना माझ्या हातून एकेक जास्त गेलं, आणि माझ्या स्वतःच्या नातीच्या वाट्याला काही नाही. कौल लागला की. पाकीट द्यायच्याही आधी लागला.

मला वाटलं, मराइके आता हळूच दिलगिरी व्यक्त करून विषय मिटवेल. तिनं सरळ लाउडस्पीकरची खोली गाठली. दोन मिनिटांनी तो घोगरा आवाज मैदानभर घुमला. खेळाडू थांबले. स्टँडमधली डोकी फाटकाकडे वळली. माझं नाव तेवढं कळलं, पद्माया. अवनी माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती.

‘काय म्हणतोय तो?’

‘तो म्हणतो, फाटकावरच्या बाईंनी सगळ्यांना एक जास्त दिलं, कारण त्यांच्या देशात तसं करतात. हेल मोय, म्हणजे फार छान. पण तीस लोकांना काहीच नाही. सो, ज्यांच्याकडे अकरा आहेत त्यांनी एक परत आणून द्या.’

परत! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. लग्नात जेवून उठलेल्या पाहुण्यांना दारात अडवायचं आणि म्हणायचं, खिशातला एक लाडू परत टाका. मी मराइकेचा दंड धरला, म्हटलं, अगं नको, दिलेलं परत घेत नाहीत, पाप लागतं. ती म्हणाली, ‘त्यांना काही वाटत नाही. बघ तू.’

मी बघितलं. स्टँडमधून माणसं उठली आणि रांग लावून उतरायला लागली. भांडण नाही, कुरकुर नाही. प्रत्येकजण पायऱ्या उतरताना आपली अकरा कार्डं पंख्यासारखी धरून त्यातलं कोणतं द्यायचं ते ठरवत होता. टेबलाशी येऊन एक ठेवत होता, मला मान लववून जात होता. माझ्यानं हात पुढे करवेना, म्हणून मराइकेच घेत होती. तो पहिल्या रविवारचा दाराएवढा माणूसही आला. एका बाईच्या बाळानं अकरावं कार्ड चावून लगदा केला होता, ती तो लगदा दाखवायला आली. आणि एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, पण रिकाम्या हातानं. म्हणाले, ‘मी मुद्दाम सांगायला आलो. मी माझं परत करणार नाही. मी चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे, मला पुढे चालू राहायचंय.’

मराइके कपाळाला आठ्या घालून काहीतरी म्हणाली. मी मात्र त्यांच्या पाया पडले असते.

खेळ कधीच पुन्हा सुरू झाला होता. चेंडू वर जात होता, विमानांच्या सावल्या येत होत्या, आणि टेबलाभोवती माणसं येत होती नि जात होती. मला ते सगळं पाण्याखालून दिसावं तसं दिसत होतं. सहावा डाव संपता संपता येणारे थांबले. मराइकेनं मोजलं. दोनशे एक्क्याण्णव. कोणी विसरलं असेल, कोणी लवकर घरी गेलं असेल, एकाला पुढे चालू राहायचं होतं. मराइकेनं ती तीस रिकामी पाकिटं घेतली आणि स्वतः भरली. दहा. दहा. दहा. एकोणतीस पाकिटं झाली, आणि एक कार्ड उरलं.

‘आता तू दे,’ ती म्हणाली.

‘मी नाही. तूच दे.’

‘फाटकावर तू आहेस,’ ती म्हणाली आणि बाजूला झाली. या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

मी दिली. एकोणतीस हातांवर एकोणतीस पाकिटं. माणसं हसत होती, थांबायला लागल्याचा रागही नव्हता कोणाला. मग अवनी आली.

टेबलावर ते एक कार्ड पालथं पडलं होतं. मी ते बोटानं तिच्याकडे सरकवलं.

‘घे.’

तिनं घेतलं नाही. ‘हातात दे ना.’

‘अगं घे. ठेवलंय ना समोर.’

‘तू सगळ्यांना हातात देतेस,’ अवनी म्हणाली. ‘सगळ्यांना. मला नेहमी टेबलावर. व्हाय?’

माझ्या लक्षातच आलं नव्हतं की तिच्या लक्षात आलंय. तीन महिने मी ज्याच्यापासून तिला जपत होते, ते त्या पोरीनं असं घेतलं होतं. मी तिला चहाच्या कपाबद्दल काय सांगणार होते? कार्ड उचललं, उलटूनसुद्धा पाहिलं नाही, आणि तिच्या हातावर ठेवलं. तिचा तळवा गरम होता. ओठ माझे आपोआप हलत होते, कुठल्या कुठल्या देवाला नवस बोलत होते.

तिनं कार्ड उलटलं.

जर्मेन नव्हता. गुडघे मोडून बसलेला तो जाड्या झेलकरी होता, फ्लोरिस. अवनीकडे त्याची चार कार्डं आधीच होती. लोकांनी आपल्याकडचं नको असलेलंच परत केलं होतं, आणि तो कोणालाच नको होता. लाउडस्पीकरवर एकेक नाव सुरू झालं. दान, सान्ने, मीस, आणखी कोण कोण. मुलं कुंपणाचं दार ढकलून हिरवळीवर धावत सुटली. अवनीनं एकदा तिकडे बघितलं आणि तिचे डोळे भरले. ती मोठ्यानं रडली नाही. नाक जाकिटाच्या बाहीला पुसलं.

‘चुकलं गं माझं,’ मी म्हटलं. ‘तुला मागे पाठवलं मी. पाकिटं मी वाढवली. माझ्या हाताला यशच नाही, सोनू. म्हणून नव्हते देत तुला हातात.’

हे सगळं तिला कितपत कळलं कोण जाणे. तिनं अल्बम उघडला, शेवटच्या रिकाम्या चौकोनाकडे जरा वेळ बघितलं, अल्बम मिटला. मग तिनं त्या फ्लोरिसकडे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

‘आजी, तू किती रविवार आलीस?’

‘सात.’

‘सेव्हन टाइम्स सगळ्यांना दिलंस. तुझ्याकडे किती आहेत?’

‘माझ्याकडे कशाला असतील?’

‘एकही नाही?’

‘नाही गं. मी देणारी.’

‘तुला कोणी दिलंच नाही?’ तिला ते खरंच भयंकर वाटलं. पळायला मिळालं नाही त्याहून भयंकर. मैदानात मुलं दुसरा टप्पा ओलांडत होती, लोक टाळ्या वाजवत होते, आणि ही तिकडे पाठ करून उभी राहिली. डावा हात मागे घेतला, नाशिकला मीच शिकवलं होतं तसा, आणि उजव्या हातानं ते कार्ड माझ्यासमोर धरलं.

‘हे तुझं.’

मी टेबलाकडे बोट दाखवलं नाही. सारंगचं जाकीट उघडलं, आतला पदर ओढून घेतला, आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे पसरला.